उत्पन्न लातूरचं, खर्च पुण्याचा

प्लेसमेंटचा सीझन आला की प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. कुणाला तरी पुण्यात साडेचार लाखांची ऑफर आलेली असते, कुणाला तरी नागपुरात साडेतीनची. पुणेवाला पार्टीची तारीख जाहीर करतो. नागपूरवाला म्हणतो, ‘अबे, मी घरी राहणार, भाडं नाही, डबा घरचा. तुझ्यापेक्षा माझेच जास्त उरतील.’ मग कुणीतरी इंटरनेटवरच्या ‘कॉस्ट ऑफ लिव्हिंग’ कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट टाकतं आणि रात्री दोनपर्यंत मेसेज चालू राहतात.

आधी त्या कॅल्क्युलेटरबद्दल. यातली बरीच कॅल्क्युलेटर परदेशी आहेत. सगळ्यात प्रसिद्ध असलेलं ‘नम्बिओ’ न्यूयॉर्कला शंभर धरून जगातली शहरं मोजतं, तेही लोकांनी स्वतःहून भरलेल्या आकड्यांवर. त्याच्या यादीत काय असतं? शहराच्या मध्यभागी वन बीएचके, जिमची मेंबरशिप, कॅपुचिनो, ब्रँडेड जीन्स. आता सांगा, आपल्यापैकी किती जण नोकरीच्या पहिल्या वर्षी शहराच्या मध्यभागी एकट्याने वन बीएचके घेतात? त्या यादीत कॉट बेसिस नाही, महिन्याची मेस नाही, तीन महिन्यांचं डिपॉझिट नाही आणि दिवाळीला गावी जायचं एसटीचं तिकीटही नाही. आपण मात्र त्या आकड्यावरून ठरवतो की नागपूर पुण्यापेक्षा इतके टक्के स्वस्त.

त्यापेक्षा कागद-पेन घ्या. साडेचार लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार, असं ऑफर लेटर वाचताना वाटतं. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ, तुमच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि दोनशे रुपये व्यवसाय कर जाऊन हातात साधारण तेहतीस हजार येतात. साडेतीन लाखांचे साधारण पावणेपंचवीस. आता पुण्यात शेअरिंगची रूम, लाइट बिल, वायफाय मिळून आठ हजार धरा, मेसचे साडेतीन, ये-जा दीड. तेरा हजार गेले, वीस उरले. नागपूरवाल्याचा पेट्रोलचा दीड हजार वजा केला तर त्याच्याकडे तेवीस. म्हणजे ग्रुपवरचं भांडण तोच जिंकला.

पण त्याच्या हिशेबात एक लबाडी आहे, आणि ती लबाडी आहे हे त्यालाही माहीत नाही. त्याचं घर स्वस्त आहे ते नागपूर स्वस्त आहे म्हणून नाही. त्याच्या वडिलांनी वीस वर्षं हप्ते भरले आणि आई रोज सकाळी साडेसहाला उठून डबा करते म्हणून. नागपूरच्या एखाद्या मुलाला पुण्यात आत्याचा फ्लॅट मिळाला तर पुणंही असंच ‘स्वस्त’ होईल. उलट गोंदियाचा मुलगा नागपुरात नोकरीला लागला तर त्याला साडेतीन लाखांत रूमही काढावी लागेल आणि मेसही. तेव्हा ‘पुणं महाग की नागपूर’ हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा, की त्या शहरात तुमच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे की नाही.

(मुलींसाठी या हिशेबात आणखी एक रकाना आहे. घरी राहिल्याने जे पैसे वाचतात त्यांच्या बदल्यात रात्री आठची वेळ, ‘कुठे चाललीस’ आणि रविवारी येणारी स्थळं, असं काय काय द्यावं लागतं, ते कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नाही. माझ्या ओळखीतल्या दोघीतिघींनी पाच-सात हजारांचं नुकसान सोसून पुणं निवडलं आणि त्यांना एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.)

छप्पर बाजूला ठेवलं तर बाकी गोष्टींत शहराशहरांत फरक आपल्याला वाटतो तितका नसतो. मोबाइलचा रिचार्ज मुंबईत आणि मालेगावात एकाच किमतीचा. लॅपटॉप तोच, परीक्षेच्या फॉर्मची फी तीच. काही गोष्टी तर छोट्या गावातच महाग. परभणीचं पेट्रोल हे जुनं उदाहरण. मनमाडच्या डेपोपासून लांब असल्यामुळे वाहतूक खर्च वाढतो आणि राज्यातल्या महाग पेट्रोलच्या यादीत परभणीचं नाव कायम वर असतं. घरगुती गॅस सिलिंडरही मुंबईपेक्षा नागपुरात महाग मिळतो. शिवाय मुंबईतला विद्यार्थी लोकलच्या सवलतीच्या पासवर डोंबिवलीहून चर्चगेटपर्यंत जाऊन येतो, तर संभाजीनगर किंवा लातूरमध्ये बाइक नसेल तर क्लासला वेळेवर पोचायचे वांधे. ती बाइक, तिचा हप्ता, तिचं पेट्रोल हे ‘छोट्या शहरातल्या स्वस्ताई’च्या नावावर मांडलेलं कधी पाहिलंय? छोटं शहर स्वस्त म्हणजे मुख्यतः तिथली जागा स्वस्त. बाकी बाजार सगळीकडे जवळपास एकच झालाय.

आता उत्पन्नाकडे या. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दरडोई उत्पन्नाचा आकडा ठळक छापून येतो. २०२४-२५ साठी तो अंदाजे ३,०९,३४० रुपये होता. चार माणसांच्या घराला गुणून बघा, वर्षाला बारा लाख सदतीस हजार होतात. तुमच्या वर्गात अशी किती घरं आहेत? हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या वडिलांच्या पगाराबद्दल काहीच सांगत नाही. राज्यात तयार झालेलं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या, इतकंच ते गणित. त्यात कंपन्यांचा नफा आहे, बँकांची कमाई आहे, आणि ती जिथे नोंदली जाते त्या जिल्ह्याच्या नावावर चढते. म्हणून मुंबई, ठाणे, पुणे यादीत वर असतात. मुंबईचा आकडा मोठा दिसतो म्हणून नालासोपाऱ्याहून उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाचा पगार मोठा होत नाही.

महागाईच्या निर्देशांकाचीही अशीच गंमत. केंद्राचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी देशभरातल्या ८८ केंद्रांचा निर्देशांक काढतो, त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत. एखाद्या महिन्यात नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा जास्त दिसला की लगेच कुणीतरी लिहितं, ‘नागपूर मुंबईहून महाग!’ तसं नसतं. इथे प्रत्येक शहराला २०१६ मध्ये शंभर धरलंय. तो आकडा फक्त सांगतो की त्या शहरातले भाव त्याच शहरातल्या २०१६ च्या भावांपेक्षा किती वाढले. दोन मुलांची उंची किती वाढली यावरून कोण उंच आहे ते ठरवण्यासारखं आहे हे. अर्थशास्त्राच्या व्हायवाला हा प्रश्न हमखास विचारावा असा आहे.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. वरच्या प्रत्येक तुलनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कुटुंब एका शहरात राहतं. तिथेच कमावतं, तिथेच खर्च करतं. सरकारी खर्च-सर्वेक्षणात तर कुटुंबाची व्याख्याच अशी आहे, की एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवर जेवणारी माणसं. पुण्यात मेसला जेवणारा मुलगा त्या व्याख्येतून आपोआप बाहेर पडतो. पण ज्याच्या घरातून तो बाहेर पडला, त्या घराच्या पाकिटातून तो बाहेर पडलेला नसतो.

पुण्यात माझा रूममेट लातूर जिल्ह्यातला होता, निलंग्याच्या बाजूचा. वडिलांचं शेतीच्या औषधांचं दुकान, घर स्वतःचं, महिन्याकाठी चाळीसेक हजार सुटायचे. त्या गावात हे घर चांगलं खाऊनपिऊन सुखी समजलं जातं. पण दहावीला चांगले मार्क पडले, आणि आमच्या राज्यात चांगल्या मार्कांची शिक्षा म्हणजे घर सोडणं. अकरावी-बारावीला हा लातूरला. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण निलंग्याहून येणाऱ्या मुलासाठी लातूर हेच महागडं शहर असतं हे पुण्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. ट्यूशन एरियातली रूम, मेस, क्लासची फी. मग इंजिनीअरिंगला पुणे. तोवर धाकटी बहीण नर्सिंगला संभाजीनगरला गेली. घरून दर महिन्याला बारा हजार पुण्याला आणि नऊ हजार संभाजीनगरला जायचे. चाळीसातले एकवीस. उरलेल्या एकोणीस हजारांत गावाकडचं घर, आजीची औषधं, दुकानाची उधारी. गावातल्या लोकांच्या लेखी हे घर अजूनही सुखीच होतं, आणि कागदोपत्रीही.

या घराचं राहणीमान तुम्ही कुठल्या शहराच्या खात्यावर मांडाल? उत्पन्न निलंग्याच्या बाजारपेठेचं, भाडं सदाशिव पेठेचं. महाराष्ट्रात हे अपवादाने घडत नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण इथल्या ज्या घरात मुलं शिकतायत, त्या घरात हेच चालू आहे. पगार ज्या गावाच्या दराने मिळतो आणि खर्च ज्या शहराच्या दराने होतो, त्या दोन दरांमधला फरक हे घर भरतं. एकरभर जमीन विकून, सोनं गहाण टाकून, नाहीतर घराला द्यायचा रंग पुढच्या वर्षावर ढकलून.

देशातल्या शहरी कुटुंबांच्या खर्चात भाड्याचा वाटा २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण बहुतेक कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, त्यांचं भाडं शून्य, म्हणून सरासरी खाली येते. माझ्या रूममेटच्या बारा हजारांत मात्र निम्म्याहून जास्त भाग छप्पर आणि त्याच्या अवतीभवतीचा होता. सरासरीत आपण दिसत नाही ते असे.

आता कुणी म्हणेल, सरकारला शहराशहरांतला फरक मोजता येत नाही, त्यांनी काय करायचं? तर सरकारला तो फार चांगला मोजता येतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. मुंबई आणि पुणे एक्समध्ये. नागपूर, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती वगैरे वायमध्ये. लातूरसारखी शहरं झेडमध्ये. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के असा हा भत्ता मिळतो. १९,९०० मूळ पगाराच्या कारकुनाला मुंबई-पुण्यात ५,९७० रुपये, नागपुरात ३,९८०, लातुरात १,९९०. म्हणजे स्वतःच्या माणसासाठी सरकार मान्य करतं की मुंबईतलं छप्पर लातूरच्या तिप्पट महाग आहे. शिवाय महागाई भत्ता ठरावीक टप्प्यावर पोचला की हे दर आपोआप वाढतात, कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. (पुणं महाग आहे की नाही यावर मात्र सरकारी खात्यांचं अनेक वर्षं एकमत नव्हतं. भत्त्यासाठी पुणं मुंबईच्या बरोबरीला, पण आयकरात घरभाड्याची सूट मोजताना १९६१ च्या कायद्याखाली मुंबईला पन्नास टक्के आणि पुण्याला चाळीस!)

आता विद्यार्थ्यांकडे या. राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१७ साली सुरू झाली. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना राहण्या-जेवण्यासाठी थेट पैसे देणारी. योजना चांगली आहे हे आधी सांगतो. अनेकांची डिग्री तिच्यामुळे पुरी झाली. तिने शहरांची तुलनाही केलीय. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे शिकणाऱ्याला सुरुवातीपासून ठरलेली रक्कम वर्षाला साठ हजार. त्यात जेवणाचे बत्तीस, निवासाचे वीस, निर्वाहाचे आठ. जिल्ह्याच्या ठिकाणी त्रेचाळीस हजार, त्यात निवासाचे बारा.

वीस हजार भागिले बारा. मुंबईत महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपयांत राहायचं. कुठे, हे मला कुणीतरी दाखवावं. आणि मुंबई व जिल्ह्याचं गाव यांच्या भाड्यात फरक किती? महिन्याला सहाशे सहासष्ट रुपये. म्हणजे कारकुनासाठी तिप्पट, विद्यार्थ्यासाठी दुप्पटही नाही. जेवणाच्या रकमेतला फरक आणि भाड्याच्या रकमेतला फरक यात जवळपास सारखेच आहेत, सात हजार आणि आठ हजार. आपण वर पाहिलं की पोळी-भाजीत शहराशहरांत थोडाच फरक असतो, आभाळाएवढा फरक असतो तो कॉटमध्ये. पुढे ओबीसी विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तेव्हाही हेच साठ-एक्कावन्न-त्रेचाळीस हजारांचे टप्पे जसेच्या तसे उचलले गेले. मधल्या वर्षांत पुण्यातल्या घरमालकांनी किती वेळा भाडं वाढवलं ते तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा.

दुसरी गोष्ट आठ लाखांची रेघ. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीपासून ते मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या संपूर्ण फीमाफीपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, अख्ख्या राज्याला एकच. २०२४ पासून मुलींची फी माफ झाली याचं मी मनापासून स्वागत केलं होतं, आजही करतो. पण रेघ कुठे मारली ते पाहा. मुलुंडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या घरचं उत्पन्न सात लाख नव्वद हजार असेल तर फी माफ. औसा तालुक्यातल्या शिक्षक बापाचं उत्पन्न आठ लाख दहा हजार असेल आणि दोन लेकी दोन शहरांत भाड्याने राहत असतील, तर दोघींचीही फी भरा. मुलुंडच्या मुलीचा लाभ काढून घ्या असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की ‘उत्पन्न किती’ या एका प्रश्नाने कोण अडचणीत आहे ते कळत नाही. आणखी दोन प्रश्न विचारावे लागतील. घर स्वतःचं की भाड्याचं? आणि शिकणारं मूल घरी राहतं की बाहेर, बाहेर असेल तर कुठल्या शहरात? बाहेर भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक मुलामागे त्या शहराच्या दराने एक ठरावीक रक्कम उत्पन्नातून वजा करा आणि मग रेघ मारा. दर नव्याने शोधायची गरज नाही, एक्स-वाय-झेड तयार आहे. स्वाधार आणि आधारमधली निवासाची रक्कमही त्यालाच जोडून टाका, म्हणजे कारकुनाचा भत्ता वाढेल त्या दिवशी विद्यार्थ्याचाही वाढेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोक खोटे भाडेकरार आणतील. आणतील काही जण. उत्पन्नाचे खोटे दाखले आज आणत नाहीत का? ज्याचा धंदा रोखीचा आहे त्याला तहसीलमधून कमी उत्पन्नाचा दाखला काढणं किती अवघड असतं ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. मार खातो तो पगारदार, ज्याचा फॉर्म सोळा लपत नाही. आणि रक्कम प्रत्यक्ष भाड्यावर न ठेवता शहराच्या वर्गानुसार ठरावीक ठेवली, तर भाडं फुगवून दाखवण्यात कुणाला काही मिळणारच नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बाहेर राहण्याला पैसे दिले तर सगळे पुण्याकडेच पळतील, लातूर-नांदेडची कॉलेजं ओस पडतील. हे खरं असू शकतं. पण आज काय होतंय? ज्याच्याकडे विकायला जमीन आहे तो पुण्याला जातोच, ज्याच्याकडे नाही तो मार्क असूनही राहतो. चांगली कॉलेजं सगळीकडे व्हावीत यात वादच नाही, पण ती होईपर्यंत तीन-चार बॅच पास होऊन बाहेर पडतील.

महाडीबीटीचा फॉर्म तुमच्यापैकी अनेकांनी भरला असेल. त्यात तुम्ही डे स्कॉलर की हॉस्टेलर, हे विचारलेलं असतं. हॉस्टेलर म्हटलं की जिल्हा विचारतात, तालुका विचारतात, पिनकोडसुद्धा. म्हणजे निलंग्याचं घर आणि पुण्याची कॉट ही दोन्ही माहिती एकाच अर्जात, एकाच सर्व्हरवर दरवर्षी जमा होते. आठ लाखांची रेघ मारताना तो रकाना उघडून पाहायचा बाकी आहे.